दुसऱ्या

धुळ्यात मे महिना. रात्री साडेअकरालाही
भिंती दिवसभराचं ऊन परत देतात, व्याजासकट.
बँकेतून आले, कळण्याच्या भाकरी टाकल्या,
लेकीचे पाढे झाले, सासऱ्यांच्या गोळ्या झाल्या,
मग उरलेल्या मला घेऊन लॅपटॉपपाशी बसले.

'चाळणी' हा प्रोग्राम अकरा वर्षांपूर्वी
मी आणि भटू माळीनं लिहिला.
जुन्या फॉन्टातला मजकूर टाकायचा, युनिकोडात काढायचा.
फुकट. उघडा. कोणीही वाचा, कोणीही बदला.
तेव्हा आम्ही बावीस वर्षांचे होतो
आणि कोणीही म्हणजे पुष्कळ माणसं, असं वाटायचं.

भटू पुण्याला गेला. त्याला मुलगी झाली.
चौदा महिन्यांपूर्वीचा त्याचा निरोप: 'या शनिवारी बसतो.'
मी त्या शनिवारावर रागावत नाही,
माझेही बरेच शनिवार लोकांकडे पडून आहेत.

तक्रारी दोनशे सतरा.
चोपड्याचा छापखाना विचारतो, अजून किती दिवस?
एक कंपनी, नाव मोठं, फार नम्रपणे: सोमवारपर्यंत जमेल का.
कोणी एक: प्रकल्प जिवंत आहे का?
मी लिहिलं, जिवंत आहे. जेवायला गेलाय.

आणि तळोद्याहून वसावे सर:
मॅडम, आठशे मुलांचे दाखले आहेत.
'दुसऱ्या' टाकलं की चाळणी 'दुसर्या' काढते.
घाई नाही. पण जूनमध्ये शाळा उघडते.

खरंच. नव्या आवृत्तीत कुठेतरी
तो कोयत्यासारखा आडवा र गळून पडलाय.
सगळं येतं या प्रोग्रामला: मी, माझं, पहिली, एकटी.
दुसऱ्या तेवढं येत नाही.

आमच्या गावी पांझरेवर फड होता. आप्पा पाटकरी.
आज पाणी कोणाला, किती वेळ, त्यांच्या बोटांवर.
गाळ काढायला घरटी एक माणूस यायचा.
मग बोअर झाल्या, माणसं विरळ झाली,
पाणी मात्र सगळ्यांना पाटाचंच गोड लागे.
एका वर्षी आप्पा आणि एक सालदार, एवढेच.
'पानी समदासनं, गाळ मना एकलाना,'
म्हणाले, आणि उतरले.

पण फावडं ते घरी आणत नसत.
बंधाऱ्यावरच, दगडाला टेकवून.
आई चिडायची, कोणी नेलं तर?
'लई गया ते लई गया. गाळच काढी ना.'

मी अकरा वर्षं फावडं घरी आणतेय.
पुसून, उशाशी ठेवून.

त्या रात्री एकाही तक्रारीला उत्तर दिलं नाही.
एक पान लिहिलं: कुठला दगड हलतो,
पाणी कुठे झिरपतं,
कोणत्या ओळी मी तापात लिहिल्या आणि आता मलाच कळत नाहीत,
किल्ली कोणाकोणाकडे आहे
(फक्त माझ्याकडे; हे लिहिताना लाज वाटली)
आणि सगळ्यात वर, ठळक:
माझे आठवड्याला तीन तास. त्यापुढे मी नाही.

नऊ दिवसांनी रायसिंग पाडवी,
वसावे सरांचा जुना विद्यार्थी, सात ओळी पाठवतो.
'दुसऱ्या' नीट. 'वाऱ्या' नीट.
'सूर्य' मात्र 'सूऱ्य'.
धुळ्यात, मे महिन्यात, पोरानं सूर्य मोडला.

मला चार मिनिटं लागली असती.
हात की-बोर्डवर गेलेही होते.
मग लिहिलं: रायसिंग, छान. आता सूर्य बघ.
सव्विसाव्या ओळीच्या आसपास असेल. घाई नाही.

लॅपटॉप मिटला. गच्चीवर गादी टाकली.
उद्या आमच्याकडे तो मोडकाच उगवणार,
ऊन तेवढंच लागेल.
पांझरेकडून वारा नव्हता.
तरी झोप आली.